काशीआक्काची जाळी

आक्का, तुला शेवटची अंघोळ घालत होते तेव्हा मी बाहेर लिंबाखाली उभा होतो. आतलं बायकांचं बोलणं ऐकू येत होतं. गेवराईहून आलेल्या तुझ्या भाचीनं विचारलं, मावशीच्या हातांवर हे चट्टे कशाचे, भाजलं होतं का? कोणीतरी म्हणालं, माकडं चावली असतील, आयुष्य त्यांच्यातच गेलं बाईचं. तेवढ्यावर विषय संपला. मला आत जाऊन कोणता चट्टा कोणत्या माकडाचा ते एकेक सांगावंसं वाटत होतं. कोपराखालचा लांब व्रण ठकीचा. मनगटावरचे दोन ठिपके थोरलीच्या धाकट्या लेकीचे. अंगठ्याचं नख वाकडं झालं ते जमादारामुळं, पण त्यात त्याचा दोष नव्हता, दार तूच घाईनं ओढलं होतंस. पुरुषमाणसानं तिथं जाऊन असलं काही सांगणं बरं दिसलं नसतं. म्हणून गप्प उभा राहिलो.

तुझ्यासमोर गप्प राहायची मला सवयच होती. तू त्यावरून किती चिडवायचीस. “घोड्यांशी उर्दूत बोलतोस, माकडांशी मराठीत बोलतोस, मंग माझ्याशीच कावून बोलत न्हाईस?” असं एकदा भर उन्हात, डोक्यावर हरभऱ्याची पाटी घेऊन तू विचारलं होतंस. मी हसलो होतो. आज बोलणार आहे. तुला ठाऊक असलेलंही पुन्हा सांगेन, कारण सगळं ओळीनं आठवलं तरच मला शेवटपर्यंत जाता येईल.

तलवाड्याच्या बाजारात तेव्हा लाल तोंडाच्या माकडांचा कळप फार माजला होता. दुकानातलं धान्य उपसायची, घागरी लोटायची, एका सोनाराच्या मुलीचा त्यांनी चावाही घेतला. काही व्यापारी विष घालायला निघाले, काही म्हणाले ही मारुतीची लेकरं, हात लावाल तर बघा. तकरार आमच्या जहागीरदारांकडे गेली. सरकार दयाळू माणूस. त्यांनी मधला मार्ग काढला. सगळा कळप पकडवला आणि आपल्या आमराईत त्याच्यासाठी मोठी जाळी उभी केली. चारी बाजूंनी आणि वरून लोखंडी तारेचं जाळं, आत दोन चिंचेची झाडं, एक दगडी खोली. तेवीस जनावरं होती. कोणाचा जीव गेला नाही, बाजारही सुटला, म्हणून सगळे खूश झाले. मोकळ्या रानात मार खाणारं माकड पळून जातं, इथं ते कुठं पळणार, हा विचार कोणी केला नव्हता. तुझा नवरा, आमराईतला माळी, त्यांना खायला घालायचा. तो वर्षभरात गेला आणि काम तुझ्याकडं आलं, कारण आत पाऊल टाकायला दुसरं कोणी तयार नव्हतं.

मी आलो तो घोड्यांसाठी. मूळचा दिंद्रुडचा, पण हैदराबादेत पागेत सालोत्री, म्हणजे घोड्यांचा वैद्य, म्हणून शिकलो, आणि गावाजवळ चाकरी मिळते म्हटल्यावर इकडं आलो. घोड्याच्या खुरापासून दातापर्यंत सगळं मला येतं असा माझा समज होता. पंधरा दिवसांत निरोप आला की जाळीत एका मादीची मांडी फाटली आहे. मी पेटी घेऊन आलो. तू दारापाशी बसली होतीस. ती मादी म्हणजे बारकी. मी म्हणालो, हिला तबेल्यात नेतो, टाके घालतो, महिनाभर ठेवतो, ठणठणीत करून आणतो.

“तुमी बरी करताल वो,” तू म्हणालीस. “पन परत आत सोडताना काय करताल?”

प्रश्नच मला कळला नाही. मी बारकीला नेलं. जखम वरून एवढीशी दिसत होती, मी ती शिवून टाकली. माकडाचा सुळा वर छोटं भोक पाडतो आणि आत मांस लांबवर फाडतो हे मला माहीत नव्हतं. आत पू धरला. टाके उसवून, धुऊन, कशीबशी ती बरी केली. त्यात पाच आठवडे गेले. मग मोठ्या दिमाखात आणून मी तिला आत सोडलं. ती चार पावलं चालली. कळपातल्या सगळ्यात वरच्या मानाच्या मादीनं, थोरलीनं, मान वर केली, आणि पुढच्या क्षणी सगळा कळप तिच्यावर होता. दुपारच्या आत ती गेली.

मला वाटलं, तू आता मला बोलशील. तू तिला बाहेर काढलंस, हात धुतलेस आणि तांब्या माझ्यापुढं धरलास. “इसरले ते तिला. पाव्हनी झाली ती,” एवढंच म्हणालीस. दुसऱ्या दिवसापासून मी रोज जाळीवर येऊ लागलो.

खरं तर मी तुझ्याकडं शिकायलाच यायचो, पण सालोत्र्यानं माळ्याच्या बाईकडं शिकायचं हे कबूल करायला मला वर्ष लागलं. तुझ्या नवऱ्याच्या वेळी पाटीभर धान्य दारापाशी ओतलं जायचं. जमादार आणि थोरलीचं घराणं ते अडवून बसायचं, बाकीच्यांना मार. तू ते धान्य चहूकडं फेकायला लागलीस, थोडं कडब्यात लपवायचीस, म्हणजे सगळ्यांचे हात बराच वेळ कामात. तू तारांवर जुनी गोणपाटं टांगलीस. मला वाटलं सावलीसाठी. तू म्हणालीस, पळणारं माकड नजरेआड झालं की मागचा राग निम्मा होतो. दगडी खोलीला एकच दार होतं. तू गवंड्याच्या मागं लागून पलीकडच्या भिंतीला दुसरं पाडून घेतलंस. हे सगळं तुला कसं सुचतं असं मी विचारलं, तर हसून म्हणालीस, “सात जावांत नांदले मी. आमच्या सैपाकघराला दोन दारं असती तर निम्मी भांडनं झाली नसती.”

माझ्याकडं जखमांचं काम. टाके घालायचे नाहीत, केस कातरायचे, लिंबाच्या पाल्याच्या कोमट पाण्यानं आत खोलवर धुवायचं, माशी बसू नये म्हणून करंजाचं तेल लावायचं. तूही मला रोखायचीस. खातंय, चढतंय, तर हात लावू नकोस, त्याची आई नि बहीण निवडून साफ करतील. ज्याला चढता येत नाही त्याच्यासाठी आपण लोहाराकडून छोटा पिंजरा करवून घेतला आणि जाळीला आतून चिकटवून ठेवला. जखमी आत, आणि त्याची माणसं बाहेरून तारेतून हात घालून त्याचे केस विंचरणार. कोणी कोणाला विसरायला नको. त्या पिंजऱ्यानंतर बारकीसारखं मरण पुन्हा आलं नाही. ही आपल्या दोघांची अक्कल होती, आक्का. गावात सगळे माझी म्हणायचे आणि मी ते खोडून काढत नव्हतो, हेही आज सांगून टाकतो.

थोरलीच्या खालोखाल मान असलेल्या ठकीला तू हातपाय पुढं करायला शिकवलंस तो महिना मला लख्ख आठवतो. शेंगा दाखवायचीस, ती तारेतून बोटं काढायची. मग बोटांऐवजी पंजा, मग कोपर, मग मांडी टेकवून बसायची. नंतर जखम धुताना तिला धरावं लागायचं नाही. माझ्या पागेतल्या दांडग्या घोडेवाल्यांना जे चाबकानं जमलं नसतं ते तू शेंगांवर केलंस. बाकीची तिचं पाहून शिकली. त्याच दिवसांत कधीतरी मी तुझा “वो सालोत्री” वरून “नारायणा” झालो, आणि तुझ्या डब्यातली अर्धी भाकरी माझी झाली.

आता जमादाराचं. तो कळपातला सगळ्यात मोठा नर, खांदे रुंद, एक कान फाटलेला. कुठं दोघी भांडायला लागल्या की तो झाडावरून उतरायचा आणि मध्ये घुसायचा. कधी मानेला धरून दाबायचा, रक्तही निघायचं. सरकारांकडं हैदराबादचे मेहमान आले होते तेव्हा नेमकं तेच घडलं. बाया किंचाळल्या, एक मुलगी रडायला लागली. सरकार फार अस्वस्थ झाले. संध्याकाळी त्यांनी मला एकट्याला बैठकीत बोलावलं आणि विचारलं, “हा नर काढला तर जाळीत शांतता राहील का?”

मी म्हणालो, “जी हुजूर. राहील.”

आक्का, ते मी सांगितलं. त्यांनी काही ठरवलं नव्हतं, त्यांनी फक्त विचारलं होतं. माझ्या वहीत मी जखमा टिपत होतो, आणि मानेवरचे बहुतेक चावे जमादाराचे होते. ते खरंही होतं. पण त्याचे चावे उथळ असत आणि खोल जखमा मादींच्या भांडणात होत, हे तू मला कितीदा दाखवलं होतंस. “पैलं बघ. कोन कोनाला बघून बाजूला सरकतंय ते बघ,” असं म्हणून दुपारभर बसवून ठेवायचीस मला. मी बसायचो, पण विश्वास वहीवर ठेवायचो. वही माझी होती ना.

दुसऱ्या दिवशी हुकूम निघाला. तू धावत तबेल्यात आलीस, पदर डोक्यावर नव्हता. मी घोड्याच्या खुराला तेल लावत होतो. तू विचारलंस, सरकारला हे कोणी सांगितलं? मी मान वर न करता म्हणालो, “सरकारची मर्जी.”

त्या दोन शब्दांवर मी पुढची सगळी वर्षं काढली.

जमादाराला परळी वैजनाथला, सरकारांच्या एका नातलगाच्या बागेत पाठवलं. तू अर्धा दिवस वाड्याच्या दारात उभी राहिलीस, तुला आत घेतलं नाही. पहिले आठ दिवस जाळी शांत होती. मी तुला म्हणालोसुद्धा, बघ आक्का, किती निवांत झालं. तू ठकीकडं बघत होतीस. ठकी थोरलीला पाहून आता बाजूला सरकत नव्हती.

नवव्या दिवशी सकाळी ते फुटलं. धान्यावरून सुरुवात झाली म्हणतात, पण धान्य सगळीकडं होतं. ठकी, तिच्या लेकी, तिच्या बहिणी, सगळ्या एकदम थोरलीच्या घराण्यावर तुटून पडल्या. मध्ये घुसणारं कोणी नव्हतं. तू घोंगडी आणि सूप घेऊन आत गेलीस. मी तुला अडवायला ओरडलो, मग मीही मागं आत आलो. तू सुपानं एकेकीला मागं रेटत होतीस, पडलेल्यावर घोंगडी टाकत होतीस, म्हणजे ती दिसेनाशी व्हायची आणि मारणारी क्षणभर थांबायची. तेवढ्यात मी तिला उचलायचो. अशी सहा जनावरं आपण त्या भांडणातून बाहेर काढली. थोरलीला पळता आलं असतं, दुसरं दार तिच्या मागंच होतं. पण तिची धाकटी लेक खाली पडली होती आणि ती तिच्यापासून हलली नाही.

ठकीच्या चाव्यानं तुझ्या कोपराखाली हाड दिसत होतं. मी लिंबाचं पाणी ओतत होतो आणि तू दात आवळून शिव्या देत होतीस. “ज्यानं त्याला काढाया लावलं त्याचं वाटुळं होईल,” तू म्हणालीस. मी पाणी ओतत राहिलो. पाणी संपलं तरी तांब्या तसाच तिरका धरून होतो. तुला वाटलं, मी जखमेला घाबरलो. उलट मलाच धीर द्यायला लागलीस.

फाटलेल्या थोरलीला आपण पिंजऱ्यात ठेवलं, पण तिसऱ्या दिवशी ती तिथंच मेली. शेवटपर्यंत तिची ती धाकटी लेक तारेतून हात घालून तिच्या पाठीवरचे केस बाजूला सारत होती. तू त्या लेकीला उठवलं नाहीस. ती आपण होऊन उठली तेव्हाच थोरलीला बाहेर काढलंस.

मी सरकारांकडं गेलो आणि म्हणालो, जमादाराला परत आणू द्या. त्यांनी लगेच होकार दिला, त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यांनी मला दोष दिला नाही. बैलगाडीनं परळीला गेलो. बागेत जमादार साखळीनं बांधलेला होता. अंगानं उतरलेला, आणि आपल्याच हातांवरचे केस त्यानं उपटून काढले होते. मला पाहून तो दात विचकण्याऐवजी तोंड फिरवून बसला. परतीच्या वाटेवर मी त्याच्याशी बोलत होतो. तुझ्याशी जे बोललो नाही ते सगळं त्याला सांगितलं.

गावात आलो तर तू सगळ्या आमराईत सांगून ठेवलं होतंस की नारायण माझ्यासाठी परळीला गेलता. माळी मला रामराम घालत होते. शेख बागवान, तोही तेव्हा तरुण होता, त्यानं तर माझ्या पाठीवर थाप मारली. आक्का, तुझी एखादी शिवी चालली असती मला, ते कौतुक सोसवेना.

बारा दिवस जमादार पिंजऱ्यात राहिला. पहिल्या दिवशी ठकीनं तारा हलवून त्याला धमकावलं. चौथ्या दिवशी थोरलीची तीच धाकटी लेक लंगडत आली, पिंजऱ्याला पाठ लावून बसली, आणि जमादारानं तारेतून बोट घालून तिचे केस उलगडायला सुरुवात केली. तू माझ्या दंडाला धरलंस आणि हसता हसता रडलीस. मी घाईला आलो होतो, तू मात्र आणखी आठ दिवस थांबवलंस. मग एका सकाळी सगळ्यांना भरपूर खाऊ घालून दार उघडलं. तो सावकाश चिंचेपर्यंत चालत गेला. वर दोघी भांडत होत्या, त्या थांबल्या. सगळं पहिल्यासारखं झालं नाही. ठकीचं घराणं वर राहिलं ते राहिलंच. पण त्या हंगामात हाडापर्यंतची जखम मला एकही धुवावी लागली नाही. जमादार पुढं सहा वर्षं जगला आणि म्हातारपणानं गेला.

आणि आपलं भांडण चालू राहिलं. तू म्हणायचीस, जमादाराला काढलं म्हणून थोरली गेली. मी म्हणायचो, थोरली म्हातारी झाली होती, दात पडले होते, आज ना उद्या ठकी उठलीच असती. “मंग इतकी वर्सं कावून उठली न्हाई?” एवढं विचारून तू पाटी उचलायचीस. माझ्या म्हणण्यात थोडं तथ्य असेलही, अजूनही मला तसं वाटतं. पण मी इतक्या हट्टानं का भांडायचो ते तुला ठाऊक नव्हतं. मला ते खरं ठरायला हवं होतं.

तुझ्या शेवटच्या तापाच्या सहाव्या दिवशी मी उंबऱ्यावर बसलो होतो. घरात दुसरं कोणी नव्हतं. मी ठरवून आलो होतो. म्हणालो, आक्का, जमादाराच्या वेळी सरकारला... तू डोळे न उघडता विचारलंस, ठकीच्या नातीचा पाय आज कसा हाय? मी सांगितलं, सूज उतरली. तू म्हणालीस, तेल लावत जा. मग झोप लागली तुला. ऐकलंस की नाही मला माहीत नाही. मला त्या क्षणी सुटल्यासारखं वाटलं, आणि तुझ्या दारातून उठून चालायला लागल्यावर स्वतःची लाज वाटली.

परवा तुझं तेरावं झालं. काल सकाळी धाकटे सरकार जाळीवर आले. थोरले सरकार गेल्यापासून ते क्वचितच येतात. आदल्या दिवशी ठकीच्या थोरल्या लेकीनं एका तरण्या मादीचा खांदा फाडला होता, ते त्यांच्या कानावर गेलं होतं. शेख बागवान होता, तुझ्यानंतर पाटी घेणारी रखमा होती, दोन माळी होते. सरकार म्हणाले, ही चावरी काढून टाका, परळीला पाठवा, माझ्या वडिलांनीही एकदा असंच केलं होतं.

मी म्हणालो, “हुजूर, तुमच्या वडिलांनी मला फक्त विचारलं होतं. काढायचं मी सांगितलं. मी चुकलो होतो. त्यापायी थोरली गेली, आणि काशीआक्काचा हात फाटला.”

शेखनं माझ्याकडं पाहिलं आणि मग खाली पाहिलं. तुझा हात फाटला त्या दिवशीच्या तुझ्या शिव्या त्यानं ऐकल्या होत्या. मी पुढं एवढंच म्हणालो की हिला राहू द्या, खोलीपाशी गर्दी होते तिथली फांदी तुटली आहे, वर बसायला जागा कमी पडली म्हणून भांडण होतंय, नवे वासे बांधून देतो, मला महिनाभर द्या. सरकारांनी तारेजवळ जाऊन ती तुटलेली फांदी पाहिली. मग म्हणाले, बांधा.

ते गेल्यावर रखमानं मला विचारलं, हे आक्काला ठावं होतं का? मी सांगितलं, नाही. ती पाटी घेऊन आत गेली, आणि मी वासे मोजायला लागलो.

तू असतीस तर काय केलं असतंस याचा मी काल दिवसभर विचार केला. मोठ्या मनानं लगेच माफ केलं असतंस असं म्हणून मी स्वतःची समजूत काढणार नाही. मी तुला ओळखतो. तू चिडली असतीस. माझ्या वाटणीची भाकरी माकडांना घातली असतीस, महिना महिना माझ्याशी बोलली नसतीस, आणि तरी एखादं जनावर फाटलं की रखमाच्या हाती निरोप धाडला असतास, त्या सालोत्र्याला बोलवा म्हणून. मी आलो असतो. तुझ्या शेजारी बसून, तू तोंड फिरवलेलं असताना, जखम धुतली असती. तो महिना मला हवा होता, आक्का. मी माझ्या भित्रेपणानं तो घालवला.